‘जाऊ द्या बाई, त्याला नाही झेपणार’ : गरिबाच्या पोराकडून शाळा किती अपेक्षा ठेवते आणि ते ठरवतं कोण

२०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर दिलं जाणारं बक्षीस मिळालं आणि बहुतेक सगळ्यांच्या फॅमिली ग्रुपवर तो फोटो फिरला. ही शाळा काही वर्षांपूर्वी बंद पडायच्या बेतात होती, पट बोटावर मोजण्याइतका. आमच्या ग्रुपवर फोटोखाली दोन प्रकारचे मेसेज आले. एक, ‘बघा, मनात आणलं तर होतं, बाकीचे गुरुजी फुकटचा पगार घेतात.’ दुसरा एका मास्तर असलेल्या मावसभावाचा, ‘दादा, आमच्याकडच्या पोरांचे आईबाप पहाटे पाचला मजुरीला जातात, वही घ्यायचे वांधे, तिथं असले फोटो निघत नसतात.’

मला दोघांचंही म्हणणं अर्धं पटलं. मग जरा वाचत गेलो, थोडं स्वतः बघितलेलं होतंच, कारण दोन वर्षं मी आमच्या गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होतो (म्हणजे चहा प्यायचा, सह्या करायच्या आणि पोषण आहाराची खिचडी चाखायची, असं तेव्हा वाटायचं). या विषयात ‘उच्च अपेक्षा’ आणि ‘शालेय नेतृत्व’ असे दोन जड शब्द सारखे येतात. ते काय आहेत ते आपल्या भाषेत सांगायचा प्रयत्न करतो.

आधी शब्द समजून घेऊ

आपल्याकडे अपेक्षा म्हटलं की ‘तुझ्याकडून फार अपेक्षा होत्या रे’ हा बापाचा डायलॉग आठवतो. इथं तो अर्थ नाही. प्रत्येक शिक्षकाच्या डोक्यात प्रत्येक पोराबद्दल एक अंदाज असतो, हे कुठपर्यंत जाईल याचा. हा अंदाज मुलाचे कपडे, आडनाव, वस्ती, आईबापाचा धंदा बघून खाली घसरू द्यायचा नाही, याला उच्च अपेक्षा म्हणतात. अंदाज तोंडानं बोलून दाखवावा लागत नाही, तो वागण्यात उतरतोच.

आणि शालेय नेतृत्व म्हणजे शाळा जो कोण चालवतो, मुख्याध्यापक असो की चार्ज सांभाळणारे गुरुजी, तो मुलं शिकतायत का याची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतो का. यापुढं मी मुख्याध्यापकच म्हणेन.

एसटीच्या थांब्यासारखं आहे हे

आमच्या रस्त्यावर एक थांबा होता. ड्रायव्हरला वाटायचं इथं कोण नसतंच, मग तो गाडी न थांबवता काढायचा. दोन-चार वेळा गाडी अशी गेली की माणसं तिथं उभी राहायची बंद झाली, वडापनं (खाजगी जीपनं) जायला लागली. मग डेपोवाले म्हणाले, बघा, प्रवासीच नाहीत, थांबा काढून टाका. आता सुरुवातीचा अंदाज खरा होता का खोटा, सांगा बघू. तो खोटा होता आणि वागण्यानं खरा झाला.

वर्गात हेच होतं का, हे १९६०च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन या दोघांनी तपासलं. जेकबसन स्वतः कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मुलांची एक चाचणी घेतली आणि शिक्षकांना सांगितलं की या चाचणीवरून कळतंय, वर्गातली अमुक अमुक मुलं यंदा एकदम चमकणार आहेत. साधारण पाचात एक मूल. खरं तर ती नावं चाचणीवरून काढलेलीच नव्हती, चिठ्ठ्या टाकाव्या तशी उचललेली होती. वर्षाच्या शेवटी पुन्हा चाचणी घेतली तर पहिली-दुसरीतली ती नाव लागलेली मुलं बाकीच्यांपेक्षा बरीच पुढं गेलेली. १९६८ मध्ये हे छापून आलं आणि जगभर गाजलं.

आता इथं थोडं पाणी घालतो, कारण व्हॉट्सअपवर हा प्रयोग ‘विश्वास ठेवा आणि चमत्कार बघा’ अशा थाटात फिरतो. तिसरीपासून वरच्या वर्गांत असा ठळक फरक दिसला नव्हता. चाचणीवर, हिशोबावर पुष्कळ टीका झाली. नंतरच्या अनेक अभ्यासांत निघालं ते असं की शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम सरासरीनं छोटाच असतो, कारण बऱ्याचदा शिक्षकाचा अंदाज मुळातच बरोबर असतो. पण, आणि हा पण महत्त्वाचा, ज्या मुलांवर आधीच कसला तरी शिक्का असतो, गरिबीचा, जातीचा, वंशाचा, त्यांच्यावर हा परिणाम जास्त होतो. ज्याच्या घरी शिकवणी लावायची ऐपत आहे, आई पाढे घेते, त्याला बाईंनी दुर्लक्ष केलं तरी दुसरी गाडी मिळते. ज्याला ही एकच एसटी आहे त्याचं काय?

वर्गात बसून बघितलं तेव्हा

समितीचा सदस्य म्हणून एकदा चौथीच्या वर्गात मागं बस्करावर मांडी घालून बसलो होतो. भागाकार चालला होता. बाईंनी पुढच्या एका मुलीला विचारलं, अठ्ठेचाळीस भागिले सहा? ती अडखळली. बाई म्हणाल्या, घाई नको, सहाचा पाढा म्हण मनातल्या मनात, आणि थांबल्या. चांगल्या थांबल्या. पोरीनं आठ सांगितलं, शाब्बास. पुढचं गणित माझ्या शेजारच्या पोराला विचारलं, त्याचे आईबाप वीटभट्टीवर. तो उभा राहिला, ओठ हलायला लागले, आणि तेवढ्यात बाई म्हणाल्या, बरं बस, तू सांग रे. त्याला मिळालेला वेळ मी ‘एक’ म्हणेपर्यंतचा पण नव्हता.

या बाई वाईट नव्हत्या हे मला मुद्दाम लिहायचंय. त्याच पोराला त्यांनी स्वतःच्या पैशानं चपला घेऊन दिल्या होत्या. आणि मधल्या सुट्टीत चहा पिताना मी काय म्हणालो? ‘जाऊ द्या बाई, आईबाप भट्टीवर, त्याला नाही झेपणार.’ हे वर शीर्षकात लिहिलंय ते वाक्य माझंच आहे.

प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात यावर मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी १९७०च्या आसपास पुष्कळ तास टेप ऐकून काम केलं. सरासरी एक सेकंद निघाली. एक सेकंद! आणि हुशार मानलेल्या मुलांसाठी शिक्षक जास्त थांबतात, कच्च्या मानलेल्यांसाठी कमी, म्हणजे नेमकं उलटं. तीन सेकंद थांबायला शिकवलं तर उत्तरं लांबतात, ‘येत नाही’ म्हणणारे कमी होतात, आणि कधी तोंड न उघडणारी पोरं बोलायला लागतात. याला ना फंड लागतो ना जीआर.

आपल्या देशातलं पण उदाहरण आहे. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी एका भारतीय शहरात मुलांची बक्षिसाची परीक्षा घेतली आणि पेपर तपासायला शिक्षक बसवले. पेपरच्या पहिल्या पानावर वय, मुलगा की मुलगी, जात लिहिलेली, पण ती खरी नव्हती, कुठल्याही पेपरला कुठलीही लावलेली. खालची मानली जाणारी जात लिहिलेल्या पेपरांना थोडे कमी मार्क पडले. फरक लहान होता, पण होता. आणि मला हादरवलं ते पुढच्या गोष्टीनं, हा कमीपणा देणारे मुख्यतः त्याच खालच्या मानल्या गेलेल्या जातींतले शिक्षक होते. म्हणजे ‘आपल्यातले मास्तर आले की सुटेल’ इतकं ते सोपं नाही, अंदाज आपल्या सगळ्यांच्या डोक्यात मुरलाय.

मुलांच्या डोक्यात पण मुरतो. उत्तर प्रदेशात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीच्या पोरांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली, सुटलेल्या कोड्यामागं पैसे. जात न विचारता बसवलं तेव्हा सवर्ण आणि दलित मुलं जवळपास सारखीच. दुसऱ्या गटांत सगळ्यांसमोर नाव, गाव, जात मोठ्यानं वाचून दाखवली आणि तशीच कोडी दिली, तर दलित मुलांचा आकडा साधारण पाचव्या हिश्शानं घसरला. कोडं तेच, वयही तेच. फक्त ‘तू कोण आहेस ते आम्हाला माहितीय’ एवढं ऐकवलं होतं. आता आठवा आपल्याकडे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना वर्गात उभं करून कसं विचारतात ते.

‘ढ’ आणि ‘बिचारा’

मराठीत मठ्ठ मुलाला ‘ढ’ का म्हणतात माहितीय? ब्राह्मी लिपीपासून सगळी अक्षरं बदलत गेली, एकटा ढ होता तसाच राहिला, म्हणून, असं सांगतात. म्हणजे शिवीतच अपेक्षा आली, हा काय बदलायचा नाही. आता ढ कोणी उघड म्हणत नाही, साहेब ऐकतील. आता ‘बिचारा’ म्हणतात. घरची परिस्थिती नाही हो, बिचारा येतो तेच खूप. आणि बिचारा हा ढ पेक्षा वाईट आहे असं माझं मत झालंय, कारण ढ म्हटलं की पोरगं निदान चिडतं, बिचारा म्हटलं की कोणालाच राग येत नाही. दया आली की मागणी संपते. त्याला गृहपाठ कमी, त्याला गॅदरिंगमध्ये पडदा ओढायचं काम, बोलायचं काम पाटलाच्या मुलीला. स्कॉलरशिपला किंवा नवोदयला कोणाकोणाला बसवायचं याची यादी होते ना, त्यात ‘निकाल पडायला नको’ म्हणून जी नावं गाळली जातात ती बघा, कोणत्या वस्तीतली निघतात.

आपल्या मातीत याच्या बरोबर उलटी उदाहरणं आहेत, आणि ती बक्षिसाच्या फोटोंच्या फार आधीची आहेत. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे, मांग समाजातली, वय सुमारे चौदा. १८५५ मध्ये तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात ती धर्माला, पेशवाईला, सगळ्यांना प्रश्न विचारते. ज्या मुलीला रस्त्यावरून चालायची चोरी होती तिला ‘बाराखडी आली तरी पुष्कळ’ म्हणून थांबवलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. तिच्याकडून निबंधाची अपेक्षा ठेवली गेली, आणि तोही स्वतःच्या डोक्यानं लिहिलेल्या.

मुख्याध्यापक म्हणजे तालमीतला वस्ताद

मग एकेका शिक्षकानं ठरवलं की झालं का? नाही होत, कारण पोरगं वर्षाला वर्ग बदलतं. तिसरीत एक बाई जीव तोडून वाचायला शिकवतात आणि चौथीत गुरुजी पुन्हा ‘बिचारा’ म्हणतात. सगळ्या वर्गांत एकच धोरण ठेवायचं काम एकच माणूस करू शकतो. शाळांवरच्या अभ्यासात वर्गातल्या शिकवण्याच्या खालोखाल मुख्याध्यापकाचा वाटा मोजतात ते यामुळं.

कोल्हापूरकडच्या तालमीतला वस्ताद डोळ्यांसमोर आणा. नवीन पोरगं आलं, अंगावर मांस नाही, घरी म्हैस नाही. वस्ताद काय म्हणतो? पहाटे चारला मातीत हजर पाहिजे, बाकीच्यांसारखंच. सूट नाही. पण तोच वस्ताद त्याच्या दुधाची सोय कुठून तरी लावतो, पहिल्या दिवशी त्याला मोठ्या पैलवानासमोर टाकत नाही, वजनाची जोड बघून लढवतो, आणि जोर मोजायला स्वतः कडेला उभा राहतो. मागणी, खुराक, जोड आणि नजर, चारही एकत्र. नुसती मागणी केली तर तो छळ, नुसता खुराक दिला तर ती पंगत.

शाळेत हे कसं दिसतं? मागणी म्हणजे शाळेचं एक ठरलेलं, ठाम वाक्य, उदाहरणार्थ ‘या शाळेतून तिसरी पार करणारं प्रत्येक पोरगं वाचतं’, ‘शक्यतो’ हा शब्द न घालता. खुराक म्हणजे वही, चष्मा, आजारपणात घरी चक्कर, खिचडी वेळेवर. जोड म्हणजे मूल आज जिथं आहे तिथून शिकवणं, यावर पुढं बोलतो. आणि नजर म्हणजे मुख्याध्यापकानं खुर्ची सोडून वर्गात जाणं. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन यांनी बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज केली होती, त्यात नुसतं स्फूर्तिदायक बोलणाऱ्या मुख्याध्यापकांपेक्षा शिकवण्यात हात घालणाऱ्यांचा परिणाम तीन-चार पट निघाला, त्यातही सगळ्यात जास्त ते जे शिक्षकांबरोबर स्वतः शिकायला बसतात त्यांचा.

आता इथं आपल्याकडची गोम. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) निकषात पहिली ते पाचवीच्या शाळेला वेगळा मुख्याध्यापक कधी, तर पट १५० च्या वर असेल तर. आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या किती शाळांचा पट १५० आहे? बहुतेक ठिकाणी दोन शिक्षक, त्यातले ज्येष्ठ ते ‘प्रभारी’. म्हणजे दोन-तीन वर्ग एकत्र शिकवायचे, मधल्या वेळात ऑनलाइन माहिती भरायची, तांदळाचा हिशोब, तालुक्याला मीटिंग, आणि निवडणूक आली की मतदार याद्या. वस्तादालाच चारचा गजर लावून पुन्हा रेशनच्या लाइनीत उभं करायचं आणि म्हणायचं पैलवान का घडत नाहीत. मावसभावाचा मेसेज मला इथं पटतो.

‘पोटात अन्न नाही आणि म्हणे अपेक्षा!’

हा सगळ्यात मोठा आक्षेप आणि तो खरा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. उपाशी, अर्धपोटी वाढलेल्या शरीराला नुसत्या शाब्बासकीनं पाढे येत नाहीत. अमेरिकेत १९६६ मध्ये कोलमन अहवाल आला, त्याचं सार लोकांनी असं घेतलं की घरच्या परिस्थितीपुढं शाळेचं फार चालत नाही. त्याला रॉन एडमंड्स नावाच्या कृष्णवर्णीय संशोधकानं सत्तरच्या दशकात उत्तर दिलं, ते भांडून दिलं नाही, गरीब वस्त्यांतल्या ज्या शाळांतली मुलं खरंच शिकत होती त्या शोधून दिलं. त्या शाळांत सारखं काय होतं? खमका मुख्याध्यापक, कोणालाही न वगळणारी अपेक्षा, शांत-शिस्तीचं वातावरण, वाचन-गणितावर भर आणि मुलं कुठं आहेत हे सतत तपासत राहणं.

तामिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये आला होता. तोच शेतकरी, ऊस तुटायच्या आधी हात तंगीत असताना कोडी सोडवायला बसवला तर कमी सुटतात, पैसे हातात आल्यावर जास्त सुटतात. म्हणजे डोकं तेच, डोक्यावरचं ओझं वेगळं. पोरांचं पण असंच धरा. गरिबीनं त्याच्याकडची जागा अडवलेली असते, अक्कल नेलेली नसते. आणि म्हणून ओझं उतरवणं हा अपेक्षेचाच भाग झाला.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं बोर्डिंग काढलं तेव्हा आधी भाकरीचा प्रश्न होता, लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासकट दागिने मोडून तो भागवला. पण त्याच पोरांना स्वयंपाक स्वतः करायचा, शेतात राबायचं आणि अभ्यास पण करायचा, सूट नाही. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापुढं वारली पोरं होती, ती शाळेत येणार कशी, गुरं कोण राखणार? या दोघींनी शाळाच गुरांमागं नेली, कुरणशाळा. मला हे फार आवडतं, कारण सोपा रस्ता समोर होता, ‘आदिवासींना शिक्षणाची आवडच नाही’ असं रजिस्टरात लिहून मोकळं व्हायचा.

आज बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचं तेच आहे. सहा महिने आईबाप कारखान्याच्या फडावर, पोरगं त्यांच्यामागं. गावातच आजीकडं राहून शाळेत येता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे, त्यात सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीनं बघायची. कागदावर ही जेवणाची योजना, पण टोळी निघायच्या आधी घरोघर जाऊन ‘पोरगं ठेवा, आम्ही बघतो’ म्हणणारा मुख्याध्यापक असेल तर ती अपेक्षेची योजना होते, नाहीतर हजेरीपटावर लाल शेरा आणि विषय संपला.

‘म्हणजे गरिबाच्या पोरावर अजून प्रेशर?’

हा प्रश्न शहरातले सुशिक्षित पालक विचारतात आणि रास्त आहे. उच्च अपेक्षा याचा अर्थ पाचवीच्या पोराला पाचवीचंच पुस्तक डोक्यावर मारायचं असा घेतला तर वाट लागेल. मुलांना वाचता-मोजता किती येतं हे बघणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी ४४.८ टक्के निघाली. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांपुढं पाचवीचा धडा म्हणजे चिनी पेपर. तिथं ‘धडा संपवला’ म्हणणं ही अपेक्षा नाही, फसवणूक आहे, स्वतःची पण.

इथं ती ‘जोड’ येते. प्रथम संस्थेनं २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत मुंबई आणि बडोद्यात बालसखी नावाचा कार्यक्रम चालवला, वस्तीतल्याच तरुण मुली, तुटपुंज्या मानधनावर, मागं पडलेल्या मुलांना रोज दोन तास बाजूला घेऊन त्यांच्या पातळीवरून शिकवायच्या. त्याचा नीट प्रयोग करून अभ्यास झाला आणि सगळ्यात तळातल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झालेला दिसला. पुढं यालाच पातळीनुसार शिकवणं असं नाव पडलं. शिडी पहिल्या पायरीपासून लावायची, पण भिंतीची उंची तीच ठेवायची. गडबड कुठं होते, तर पहिल्या पायरीवर बसवलेला गट वर्षभर तिथंच राहतो आणि त्याचं नाव ‘कच्चा गट’ पडतं. दर महिन्याला गट मोडून पुन्हा पाडायचे असतात. ते मोडले जातात का, हे बघणं मुख्याध्यापकाचं काम.

‘एखादा हिरो गुरुजी सापडला, सगळीकडं कुठून आणायचे?’

मला सगळ्यात जास्त याचंच उत्तर हवं होतं आणि ते पूर्ण गोड नाही. गुरुजींची बदली झाली की शाळा पुन्हा पूर्वपदावर, असं आपण सगळ्यांनी बघितलंय. मग सरकार म्हणतं, हिरो नको, सिस्टीम करू. मध्य प्रदेशात तसा प्रयत्न झाला, शाळांची तपासणी, ग्रेड, प्रत्येक शाळेचा सुधारणा आराखडा, सगळं व्यवस्थित. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग यांनी त्याचा मोठा अभ्यास केला. आराखडे तयार झाले, अहवाल भरले गेले, आणि मुलांच्या शिकण्यात फरक शून्य. वर्गात कोणी काही वेगळं केलंच नव्हतं. तरीही ते मॉडेल पुढं देशभर नेलं गेलं, हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे ‘ध्येयवाक्य’ भिंतीवर रंगवतात ना, त्यातलाच प्रकार.

मला पटलेलं उत्तर या दोन्हीच्या मधलं आहे. हिरोची गरज जिथं लागते ती मोठमोठ्या गोष्टींत, आणि अपेक्षा राहते ती बारीक सवयींत, ज्या बदलीनंतरही मागं राहू शकतात. जालिंदरनगरच्या शाळेचं नाव झालं त्यात एक ‘विषयमित्र’ पद्धत आहे, पोरं एकमेकांना शिकवतात. विचार करा, ज्याला वर्गात ‘बस’ म्हणून खाली बसवायचे त्याच्यावर दुसऱ्या चार पोरांना शिकवायची जबाबदारी टाकली तर त्याच्याबद्दलचा अंदाज आपोआप बदलतो, बाईंचा पण आणि त्याचा स्वतःचा पण. त्यासाठी भाषण लागलं नाही, फक्त वर्गाची मांडणी बदलावी लागली.

आमच्या शाळेतल्या प्रभारी बाईंनी त्याहून साधं केलं. खडूच्या रिकाम्या डब्यात सगळ्या पोरांच्या नावाच्या चिठ्ठ्या, ज्याची निघेल त्यानं उत्तर द्यायचं, आणि बाईंनी मनात पाच मोजल्याशिवाय पुढं जायचं नाही. दोन्ही शिक्षकांनी, सगळ्या वर्गांत. सुरुवातीला फार कंटाळवाणं व्हायचं, मी बसलो होतो एकदा, पाच सेकंदांची शांतता वर्गात इतकी लांब वाटते की आपल्यालाच उत्तर ओरडावंसं वाटतं. भट्टीवरच्या पोराची चिठ्ठी निघाली की पहिले पंधरा-वीस दिवस तो नुसता उभा राहायचा. मग एकदा म्हणाला, सात. उत्तर आठ होतं. बाईंनी बस म्हटलं नाही, विचारलं, सात कसे आले सांग. तो म्हणाला, विटांचे सहा-सहाचे थर लावले मनात, एक थर मोजायचा राहिला वाटतं.

पालक म्हणून काय बघायचं

फोटो, रंगवलेल्या भिंती, टॅब हे सोडून द्या. पुढच्या समितीच्या किंवा पालकांच्या सभेत तीन-चार गोष्टी विचारा आणि आवाज न चढवता विचारा, कारण समोरची व्यक्ती बहुतेक वेळा दोन वर्ग आणि दहा रजिस्टरं सांभाळत असते. यंदा स्कॉलरशिपला कोण बसतंय आणि कोण नाही, आणि का नाही. मागच्या महिन्यापासून किती पोरं खालच्या गटातून वर सरकली. सलग तीन दिवस न आलेल्या पोराच्या घरी कोण गेलं होतं. आणि गुरुजींचं कोणतं एक अशैक्षणिक काम समिती उचलू शकते, तांदूळ मोजायचं असेल, किराणाच्या पावत्या लावायचं असेल, कारण ते उचलल्याशिवाय वरचे प्रश्न विचारायचा आपल्याला फारसा हक्क नाही असं मला वाटतं. मी दोन वर्षांत हा शेवटचा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्यानंतर निघायला लागतात, तेव्हा सभा त्याच्या आधी लावा, नंतर ज्यांच्याबद्दल विचारायचं ती पोरंच गावात नसतात.